खाऱ्या वाळूवरचा ट्रक
(द्वितीय वर्ष, कला)

हर्णैचा संध्याकाळचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना तेथील गर्दीचे वर्णन सांगायला नको. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगर टाकून उभ्या असलेल्या मच्छिमारी नौका, उथळ पाण्यातून मासळी किनाऱ्याला आणणाऱ्या बैलगाड्या, आणि ओल्या वाळूवर मांडलेल्या पापलेट-सुरमईच्या ढिगांभोवती बोली पुकारणारी माणसे. सहलीला येणारी मंडळी बैलगाड्यांचे फोटो काढतात. जरा मागे, कोरड्या वाळूच्या कडेला मागची फळी पाडून उभ्या असलेल्या ट्रककडे मात्र कोणी पाहत नाही. लिलाव संपला की तीच मासळी बर्फात घालून रातोरात मुंबईकडे नेणारा हा प्राणी. आमचे घर अशाच एका लहान ट्रकवर चालते आणि माझी महाविद्यालयाची फीही त्यातूनच निघते. तेव्हा त्याच्याविषयी चार शब्द लिहिणे मला भागच आहे.

लिहायचे आहे ते त्याच्या पराक्रमाविषयी नव्हे, दुखण्याविषयी. खडीच्या खाणीवर चालणारा ट्रक आणि किनाऱ्यावर चालणारा ट्रक, दोन्ही एकाच वर्षी घेतलेले असोत. पाच-सहा वर्षांनी शेजारी उभे केले तर ते थोरला-धाकटा भाऊ वाटतात. खाणीवरचा ठेचकाळतो, त्याला पोचे पडतात. पण ते दिसतात तरी. किनाऱ्यावरचा आतून खंगतो. वरचा रंग शाबूत, समोरच्या काचेवर देवाचे नाव, आरशाला गोंडे, आणि खाली चासीला हातोडीचा टोला मारला तर पापुद्रे गळून पडतात.

पण मिठाकडे वळण्यापूर्वी वाळूविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण जो वाळूत रुततो तोच पुढे खाऱ्या पाण्यात भिजतो. अगदी कोरडी वाळू पाण्यासारखी बाजूला सरते. अगदी पाणथळ वाळूतले कण पाण्यावर तरंगू लागतात आणि चाकाखालून निसटतात. या दोहोंच्या मध्ये ओहोटीने नुकताच मोकळा केलेला जो पट्टा असतो, त्यात कणाकणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि तो कणांना धरून ठेवतो. लहानपणी ज्या वाळूचे किल्ले होतात तीच वाळू ट्रकला पेलते. म्हणून सारा खेळ वेळेचा आहे. आमच्याकडे जुनी माणसे घड्याळ न पाहता भरती सांगतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, दशमीला साडेसात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तेच गणित या पाऊणपटीत बसवलेले आहे. मिनिटांचा हिशेब त्यातून निघत नाही, पण ट्रक कधी बाहेर काढायचा एवढे नक्की कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वर चढते ते चांगलेच वर चढते.

चाकांतली हवा कमी केली की ट्रक वाळूवर सहज चालतो हेही खरे. त्याचे कारण साधे आहे. एका चाकावर ८०० किलो भार आहे असे धरा. चाकातला दाब दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो असेल तर टायर सुमारे २०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. दाब निम्मा केला तर जागा दुप्पट होते. आपण वाळूतून चालताना टाचा न रोवता पाऊल सपाट टाकतो, तसेच हे. मात्र अशा चाकांनी जोरात वळू नये आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. माल भरलेल्या ट्रकची हवा तर इतकी कमी करूच नये. टायर तापून फाटतो. रुतलेच तर रेस देऊ नये. चाक फिरते आणि स्वतःचीच कबर खणते. चाकापुढची वाळू हातांनी काढावी, फळ्या किंवा माडाच्या झावळ्या घालाव्यात आणि हळू निघावे. असो. हे सर्व ज्ञान बंदरावरच्या कोणत्याही क्लीनरला असते. मला जे शिकावे लागले ते निराळे आहे, आणि ते एका प्रसंगामुळे शिकावे लागले.

दोन वर्षांपूर्वी आमचे बाबा दापोलीहून रिकामा ट्रक घेऊन खाली येत होते. आसूदच्या उतारावर ब्रेकचा पाय एकाएकी तळापर्यंत गेला. ब्रेकची नळी फुटली होती. बाबांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि ट्रक डाव्या बाजूच्या मातीच्या दरडीला घासत घासत थांबवला. कोणाला काही झाले नाही. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, “रिकामा होता म्हणून.” त्या रात्री ते जेवले नाहीत.

गॅरेजच्या चाचांनी फुटलेली नळी काढून माझ्या हातात दिली. ही पोलादाची बारीक नळी चासीच्या कडेने पुढून मागे जाते आणि वीतवीतभर अंतरावर क्लिपांनी पकडलेली असते. मी पाहिले तर उघड्या भागावर तांबूस गंज होता, पण नळी धड होती. फुटली होती ती नेमकी क्लिपेखाली, जिथे ना वारा लागत होता ना नुसत्या डोळ्यांना काही दिसत होते. क्लिपेच्या आत ओली वाळू दाबून बसलेली. चाचा म्हणाले, “वरून दिसतो तो गंज भुंकणारा. चावणारा असा आत बसलेला असतो.”

मला हे उलटे वाटले. गंजायला हवा आणि पाणी लागते असे शाळेत शिकलो होतो. मग जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त हवा. जिथे हवा पोचतच नाही तिथेच नळी कशी कुरतडली गेली? मी कलाशाखेचा विद्यार्थी. आमच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तेव्हा घरी विचारावे असे कोणी नव्हते. धीर करून ती नळी घेऊन विज्ञान शाखेच्या रसायनशास्त्राच्या सरांकडे गेलो. सरांनी मला हाकलले नाही याचे मला अजून नवल वाटते. त्यांनी मला एक थेंब दाखवला.

केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात केलेला तो प्रयोग आहे. लोखंडाचा पत्रा घासून लख्ख करायचा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवायचा. त्या पाण्यात आधीच दोन रसायने मिसळलेली असतात. लोखंड विरघळू लागले की एकाने निळा रंग येतो, आणि अल्कली तयार झाली की दुसऱ्याने गुलाबी. सुरुवातीला थेंबात इकडेतिकडे दोन्ही रंगांचे ठिपके उमटले. थोड्या वेळाने ते जणू आपापल्या जागी जाऊन बसले. थेंबाच्या मधोमध निळा डाग, आणि काठाने गुलाबी कडे.

त्याचा अर्थ सरांनी सांगितला तो असा. थेंबाच्या काठाला पाणी पातळ असते, तिथे हवेतला प्राणवायू सहज मिळतो. मध्यभागी पाणी खोल, तिथला प्राणवायू संपला की नवा लवकर पोचत नाही. मग लोखंड आपल्यात कामाची वाटणी करते. मध्यभागीचे लोखंड विरघळते आणि इलेक्ट्रॉन सोडते. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच काठाकडे जातात आणि तिथला प्राणवायू ते घेतो. म्हणजे तो थेंब ही एक चिमुकली बॅटरीच होते. प्राणवायू वापरला जातो काठाला आणि लोखंड खाल्ले जाते मध्यात. गंजाचा तांबडा थर साचतो तो या दोन्हींच्या मधल्या कड्यावर. जिथे गंज दिसतो तिथे खड्डा नसतो, आणि जिथे खड्डा असतो तिथे गंज दिसेलच असे नाही.

आमच्या क्लिपेखाली हेच चालले होते. क्लिपेबाहेरच्या नळीला हवा मिळत होती. आतली, वाळूत दबलेली नळी थेंबाच्या मध्यासारखी होती. सरांना मी विचारले की मग यात मिठाचा दोष काय? साध्या पाण्याच्या थेंबातही असे होईलच की. सर म्हणाले, होईल, पण रखडत होईल. बॅटरीचे वर्तुळ पुरे व्हायला पाण्यातूनही वीज वाहावी लागते, आणि शुद्ध पाण्यातून ती फार कमी वाहते. मिठाने तिचा रस्ता मोकळा होतो. शिवाय मिठातला क्लोराइड धातूच्या अंगावर आपोआप तयार होणारा संरक्षक पापुद्रा जागोजाग फोडतो. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. त्यामुळे चासीला जिथे दोन पत्रे एकावर एक रिव्हेट केलेले असतात तिथे आत गंज फुगून पत्र्यांना ओठांसारखे उघडतो. स्प्रिंगच्या पाट्यांमध्येही तेच होते.

आता मुख्य गोष्ट. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. चासीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत, मडगार्डच्या दुमडीत, वाळूच्या गोळ्यांत मिळून दहा लिटर पाणी अडकले आणि वाळले, तर पाव किलोहून अधिक मीठ आपण घरी घेऊन आलो. पुष्कळांची समजूत अशी की ट्रक वाळला म्हणजे सुटलो. पण मीठ वाळत नाही. ते वाट पाहते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच त्यात विरघळते. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि त्याला तर सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरते. कोकणात इतकी कोरडी हवा कितीदा मिळणार? पावसाळ्यात खड्यामिठाची बरणी पाझरते हे आपण प्रत्येकाने घरी पाहिले आहे. तीच बरणी चासीला टांगलेली आहे अशी कल्पना करा. अंगणात, छपराखाली, पाण्यापासून मैलभर दूर उभा असलेला ट्रक रोज रात्री भिजतो आणि रोज दुपारी सुकतो. भरपूर हवा, थोडे पाणी आणि भरपूर मीठ, गंजाला याहून चांगली मेजवानी नाही. कायम पाण्याखाली असलेल्या लोखंडी खांबापेक्षा लाटांचे तुषार उडतात तेवढ्याच पट्ट्यात खांब जास्त खाल्लेला दिसतो, त्याचे कारणही हेच.

म्हणजे किनाऱ्यावर ट्रक नेतो तेव्हा नुकसान होत नाही. किनाऱ्यावरून परत आणून तसाच उभा करतो तेव्हा होते. चाचांचे म्हणणे असे की मीठ ओले आहे तोवर पाहुणा, वाळले की घरजावई. त्याच दिवशी, ओले असतानाच, गोड्या पाण्याने खालून धुतले पाहिजे. खालून हा शब्द महत्त्वाचा. बहुतेक लोक टपावरून पाणी ओततात, दरवाजे चमकवतात आणि समाधानाने घरी जातात.

आणि इथेच आमच्या घरात भांडण सुरू झाले. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण एप्रिल उजाडला की विहिरीचा तळ दिसू लागतो. जे पाणी उरते तेही किनाऱ्याजवळच्या विहिरीत मचूळ होते. मी पुस्तकी उत्साहाने जाहीर केले की ट्रक रोज भरपूर पाण्याने धुवायचा. आई म्हणाली, “माणसांनी हंड्याने आणायचं आणि ट्रकने पिंपाने प्यायचं, असं का?” बाबा गप्प राहिले. आसूदचा उतार त्यांच्या डोळ्यांपुढे होता आणि रिकामे पिंपही.

तोड सुचली ती आईच्याच धुण्यावरून. साबण लावलेले कपडे ती एकदाच पिंपभर पाण्यात बुचकळत नाही. थोडे पाणी, खळबळणे, पिळणे. पुन्हा थोडे पाणी. मी वहीवर हिशेब मांडला. ट्रकच्या खालच्या अंगाला खारे पाणी २ लिटर चिकटून राहते असे समजू. एकदम ३० लिटर पाणी मारले आणि निथळू दिले तर मिठाचा सोळावा भाग शिल्लक राहतो. तेच ३० लिटर १०-१० लिटर करून तीनदा मारले, आणि दर वेळी पूर्ण निथळू दिले, तर प्रत्येक वेळी सहावा भाग उरतो. तिसऱ्या पाण्यानंतर २१६वा भाग. पाणी तेवढेच, मीठ मात्र तेरा पटींहून कमी. ट्रक म्हणजे पातेले नव्हे, त्यामुळे हिशेब तंतोतंत उतरत नाही. पण दिशा खरी आहे. हे मी आईला मोठ्या ऐटीत सांगितले तेव्हा ती म्हणाली, “हे शिकायला कॉलेजात जावं लागतं होय?”

तेव्हापासून आमची रीत अशी ठरली. आधी पाणी मुळीच नाही. ट्रकखाली शिरून खराट्याने आणि बोथट खुरपीने वाळू पाडायची, कारण वाळूचा प्रत्येक गोळा म्हणजे मीठ भिजवून ठेवणारा बोळा. चासीला आणि दरवाजांच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती वाळूने बुजतात आणि मग आत तळे साचते. ती तारेने मोकळी करायची. मग पहिले पाणी धुण्याचे, म्हणजे कपडे शेवटचे खळबळून उरलेले. पहिल्या धुण्याला तेवढे पुरते. निथळेपर्यंत चहा. दुसरे आणि तिसरे पाणी स्वच्छ. जोराचा फवारा मारण्यापेक्षा शांतपणे, सगळीकडे पोचेल असे पाणी बरे. जोराच्या धारेने मीठ उलट बेअरिंगमध्ये आणि सीलच्या आत ढकलले जाते. विहीर भरलेली असते त्या दिवसांत आम्ही वाडीतला पाणी शिंपायचा लहान फवाराच ट्रकखाली ठेवतो आणि पुढून मागे सरकवत नेतो. हे काम तो माणसापेक्षा चांगले करतो, कारण त्याची कंबर दुखत नाही.

धुतलेल्या पाण्यात मीठ खरेच निघते का, हे पाहण्यासाठी तिन्ही वेळचे निथळलेले पाणी मी तीन बाटल्यांत भरून सरांकडे नेले. चौथ्या बाटलीत नुसते विहिरीचे पाणी. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की क्लोराइड असेल तेवढा पांढरा साका येतो. पहिल्या बाटलीत दह्यासारखा दाट साका आला. दुसरीत ताकासारखा. तिसरी नुसती धुरकट झाली. आणि विहिरीच्या पाण्याची बाटलीही जवळजवळ तिसरीइतकीच धुरकट झाली! म्हणजे तिसऱ्या पाण्याच्या पुढे आमच्या विहिरीच्या हातात काही नव्हते. तो महिना मे होता.

धुण्याइतकेच महत्त्व न भिजवण्याला आहे. चाक धावून तापलेले असते. ते तसेच थंड पाण्यात घातले की हबमधली हवा आकसते आणि सील जरा झिजलेली असली तर बाहेरचे खारे पाणी आत ओढून घेते. ग्रीसचा साबणासारखा पांढुरका लगदा होतो आणि बेअरिंग जाते. म्हणून लाटेत ट्रक घालायचा नाही. पाण्यातले काम बैलगाडीचे. चुकून भिजलाच तर बाहेर आल्यावर ब्रेक हलके हलके दाबत थोडे जावे, म्हणजे ड्रम सुकतात. नंतर सर्व ग्रीस निपलांत नवे ग्रीस, जुने काळे बाहेर येईपर्यंत भरावे. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावावे.

एक शत्रू मात्र समुद्रातून येत नाही, मालातून येतो. बर्फ वितळतो, मासळीचे पाणी त्यात मिसळते आणि ते खारट पाणी हौद्याच्या फळ्यांतून थेट चासीवर गळते. मुंबईपर्यंत रात्रभर हा अभिषेक चालू असतो. किनाऱ्याला कधीही न उतरणारा मासळीचा ट्रकही म्हणूनच सडतो. हौद्यात पन्हळ बसवून ते पाणी एका डब्यात घ्यावे आणि डबा रस्त्यात नव्हे, योग्य जागी रिकामा करावा. याला खर्च थोडा येतो, आळस मात्र फार आडवा येतो.

तेल आणि रंग यांविषयी गॅरेजागणिक मते निराळी. पावसाळ्याआधी चासीला खालून जळके ऑइल आणि डिझेल मारण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्याने पाणी दूर राहते खरे, पण ते रबराला खाते. ब्रेकचे होज, बुश फुगतात, आणि चिकट अंगावर वाळू आणखी बसते. जळके ऑइल शेवटी विहिरीकडेच झिरपते हेही विसरता येत नाही. रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा रंग हा उपाय चांगला, पण मीठ धुऊन आणि गंज खरवडून काढल्यावरच. घाईने वरून रंग मारणे म्हणजे चोराला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावणे. पासिंगच्या आदल्या आठवड्यात मात्र हेच सर्रास होते. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांनंतर दरवर्षी करावे लागते, आणि इन्स्पेक्टर क्लिप उघडून पाहत नाही.

मला एक प्रश्न पडला होता. बंदरावरच्या नौकांच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त आधी विरघळते आणि पंखा, दांडा वाचतात. ही युक्ती हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये इंग्रजी आरमाराच्या तांब्याने मढवलेल्या जहाजांसाठी सुचवली होती. तांबे खरोखरच वाचले. पण ते विरघळेनासे झाले तसे त्याचे विषही संपले, आणि शंख-शेवाळ जहाजाच्या तळाला इतके चिकटले की जहाजांचा वेग मंदावला. मग ट्रकला जस्ताचा ठोकळा का लावू नये? उत्तर असे की जस्त आणि लोखंड दोन्ही एकाच सलग पाण्यात बुडालेली असली तरच ठोकळा काम करतो. ट्रक समुद्रात उभा राहत नाही. त्याच्या अंगावर सुटे सुटे थेंब असतात, आणि एका थेंबाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. पत्र्याच्या सबंध अंगावर जस्ताचा मुलामा असेल तर मात्र प्रत्येक थेंबाखाली जस्त हजर असते, ओरखडा पडला तरी. ब्रेकच्या नळ्या आम्ही आता तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या घातल्या आहेत. त्या महाग पडल्या. क्लिपांखाली रबराच्या पट्ट्या घातल्या आणि दर दोन महिन्यांनी क्लिपा सोडवून पाहतो.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा लेख वाचून कोणी हौसेने मोटार घेऊन किनाऱ्यावर धावू नये. सुट्टीत शहरातून येणारे पाहुणे मोबाइलवर चित्रण करण्यासाठी लाटांतून गाडी पळवतात, भरती येते, आणि मग बैल शोधण्याची पाळी येते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवण्यास कायद्याने मनाई आहे, ती योग्यच आहे. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकाराने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. आमच्या जवळच्या आंजर्ल्यालाही कासवे अंडी घालायला येतात. हातभर वाळूखालची ती अंडी चाकाखाली दबतात, आणि पिल्ले बाहेर पडली तर चाकोरीच्या खोल चरांत अडकून समुद्रापर्यंत पोचत नाहीत. ज्याचे पोट किनाऱ्यावर आहे त्याने ठरलेल्या वाटेने जावे आणि त्याच वाटेने परत यावे.

ट्रक धुण्याची आमची जागा माडाखाली आहे. माडाच्या आळ्यात मीठ घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच असल्यामुळे खारे पाणी तिकडे सोडायला हरकत नाही. पोफळीला मात्र ते चालत नाही. पहिल्या वर्षी ट्रक अगदी बुंध्याशी उभा केला होता. एक नारळ टपावर पडला, तो पोचा अजून आहे. आता दोन हात दूर उभा करतो आणि पाणी चर खणून नेतो.

मीठ निघाले की नाही हे पाहायला रोज सिल्व्हर नायट्रेट कोठून आणणार? बाबांची स्वतःची परीक्षा आहे. तिसरे पाणी निथळले की ते चासीखाली हात घालतात, क्लिपेच्या कडेने बोट फिरवतात आणि जिभेला लावतात. सरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. परवा बाबांनी असेच बोट चाखले, थुंकले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “आहे अजून.” मी बादली घेऊन विहिरीवर गेलो. आई तिथे हंडा भरत होती. तिने बादलीकडे पाहिले, हंडा बाजूला घेतला आणि राहाट माझ्याकडे दिला.